बेचाळीस जोड

"आज मी ब्रॅगला सांगणार आहे," व्हर्ना म्हणाली.

पहाटेचे पावणेसहा वाजले होते. व्हॅनमध्ये आम्ही नेहमीचे चौघं होतो. रॉस्को हॅन्स्कम चालवत होता, त्याच्या शेजारी लुसियन तिबोदो, मागे मी आणि व्हर्ना पेल्की. गोदी आमच्या गावापासून साठ मैलांवर. सोळा वर्षं आम्ही याच व्हॅनने जात-येत होतो, आणि कॉफीचं दुकान येईपर्यंत कुणी बोलायचं नाही असा आमचा अलिखित नियम होता. तो व्हर्नाने मोडला तेव्हाच मला कळलं, काहीतरी मोठं आहे.

"काय सांगणार?" रॉस्कोने विचारलं.

"तीन आठवड्यांपूर्वी, बर्फाचं वादळ आलं त्या शुक्रवारी, मी बेचाळीस जोड पास केले. पुरता वेळ न देता."

आम्ही नौदलाच्या विनाशिका बांधतो. व्हर्ना आधी एकोणीस वर्षं वेल्डर होती, आणि मागची अकरा वर्षं पाइप विभागात तपासनीस. वेल्डिंग केलेल्या जोडावर ती लाल रंग लावायची, वीस मिनिटं थांबायची, रंग पुसायची आणि वरून पांढरी भुकटी मारायची. आत केसाएवढी जरी चीर असली तरी भुकटीतून लाल रेघ वर येते. पण रंगाला आत शिरायला वेळ द्यावा लागतो. थंडीत तर जास्तच. तपासून झालं की ती कागदावर आपल्या नंबराचा शिक्का मारायची. एकदा तो शिक्का बसला की त्या जोडाकडे पुन्हा कुणी ढुंकूनही पाहत नसे.

"किती वेळ दिलास?" मी विचारलं.

"आठ मिनिटं. फार तर नऊ. बाहेर तुम्ही थांबला होतात, रस्ते बंद व्हायला लागले होते."

रॉस्कोने आरशातून मागे पाहिलं. "हॉर्न मी वाजवत होतो," तो म्हणाला.

"हॉर्न तू वाजवलास. शिक्का मी मारला."

लुसियन मागे वळला. "अगं, डोकं फिरलंय का तुझं? पाइप जहाजात बसलेत. मी स्वतः त्यांच्यावर आवरण चढवलंय, वरून रंगसुद्धा लागलाय. नऊ दिवसांनी जहाज चाचणीला निघतंय, आणि तू आता सांगणार?"

"नऊ दिवसांनंतर सांगून काय उपयोग?"

"तुला हाकलतील," रॉस्को म्हणाला. "नौदलाच्या कागदावर खोटी वेळ म्हणजे काय गंमत वाटली? आणि आपल्या साहेबलोकांना तर निमित्तच हवं असतं."

गोदीला शिव्या घातल्याशिवाय रॉस्कोचा दिवस उगवत नसे. गाडी लावायला जागा नाही, उन्हाळ्यात जहाजाच्या पोटात माणूस भाजून निघतो, हिवाळ्यात बोटं झडायची वेळ येते, दर दोन वर्षांनी नवे साहेब येतात आणि जुनंच सांगतात. त्याच रॉस्कोने आपल्या दोन्ही मुलींना गोदीत चिकटवलं होतं, आणि गावात कुणी गोदीला नाव ठेवलं तर तो जेवण सोडून भांडायला उठायचा.

व्हर्ना खिडकीबाहेर बघत म्हणाली, "शनिवारी चर्चमध्ये बीन्सचं जेवण होतं ना, तिथे माझ्या शेजारी एक पोरगी बसली होती. नौदलातली, याच जहाजावर नेमणूक होऊन आलीय. वीस वर्षांची असेल. नेब्रास्काची. समुद्र तिने याआधी पाहिलेलासुद्धा नव्हता. तुझं काम काय म्हणून विचारलं, तर म्हणाली, आग लागली की पाण्याचा पाइप धरून पुढे जायचं."

ते बेचाळीस जोड आग विझवायचं पाणी नेणाऱ्या पाइपांचेच होते. कॉफीच्या दुकानाशी रॉस्कोने व्हॅन थांबवली, पण कुणी उतरलं नाही.

ब्रॅगच्या केबिनमध्ये मी तिच्याबरोबर गेलो. मी पाइप फिटर. त्यातले निम्मे पाइप मीच बसवले होते आणि कुठला कुठे आहे हे मलाच सांगता आलं असतं. स्टर्लिंग ब्रॅग आमचा विभागप्रमुख. बावीस वर्षांत त्याने कुणाला शाबासकी दिल्याचं मला आठवत नाही. व्हर्नाने उभ्यानेच सगळं सांगितलं.

"नक्की किती मिनिटं?" ब्रॅगने विचारलं.

"नक्की नाही सांगता येणार. घड्याळाकडे पाहिलंच नाही मी."

"कुणी तक्रार केली? कुणाच्या लक्षात आलं?"

"नाही."

ब्रॅग भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे बघत बसला. मला वाटलं, आता म्हणेल, जा, कामाला लाग, मी काही ऐकलं नाही. तशी माणसं मी पाहिली आहेत. मग त्याने फोन उचलला आणि आमच्यासमोरच नौदलाच्या अधिकाऱ्याला लावला.

"पाइप विभागातून ब्रॅग. एक वाईट बातमी आहे. हो, जहाजाचीच. आमच्याच माणसाने येऊन सांगितलीय, म्हणून ती खरी धरा."

फोन ठेवून त्याने टेबलावर हात पालथा टेकला, मग तळवा वर करून पुढे धरला. व्हर्नाने खिशातून शिक्का काढला आणि त्याच्या तळव्यावर ठेवला. पितळेचा होता. अकरा वर्षं खिशात राहून त्याच्या कडा गुळगुळीत झाल्या होत्या.

"घरी जा," ब्रॅग म्हणाला. "मी कळवेन."

ती घरी कशी जाणार? व्हॅन संध्याकाळी चार वाजता निघायची. दिवसभर ती फाटकाजवळच्या बाकावर कोट घट्ट आवळून बसून राहिली. दुपारी मी तिला अर्धं सँडविच नेऊन दिलं. तिने ते खाल्लं, कागदाची घडी घालून मला परत दिली आणि विचारलं, "कितव्या डेकपासून सुरुवात केलीत?"

पुढचे आठ दिवस आम्ही पाठीवर झोपून काम केलं. आधी लुसियनच्या माणसांनी आवरण फाडायचं, मग मी जोडावरचा रंग खरवडायचा, मग दुसऱ्या विभागातून आणलेल्या तपासनिसाने लाल रंग लावून वीस मिनिटं थांबायचं. घड्याळ माझ्या हातात असायचं. त्या अंधाऱ्या, अरुंद जागेत वीस मिनिटं किती लांब असतात, ते मला तेव्हा कळलं.

लुसियनची दोन-तीन आठवड्यांची मेहनत कचऱ्याच्या पिशव्यांत जात होती. "पेल्कीबाईंच्या कृपेने माझ्या कमरेचा भुगा झाला," असं तो दिवसातून दहादा म्हणायचा. पण एका जेवणाच्या सुट्टीत विजेच्या कामाचा एक जण म्हणाला, "असल्या बाईला खरं तर हाकलूनच द्यायला हवं," तेव्हा लुसियनने हातातला चमचा खाली ठेवला.

"आपली चूक तू स्वतःहून शेवटची कधी सांगितलीस?" त्याने विचारलं.

तो माणूस हसला. लुसियन हसला नाही. टेबलावरचं दुसरंही कुणी हसलं नाही, आणि थोड्या वेळाने त्या माणसाने आपला डबा उचलून दुसरीकडे नेला.

एक्केचाळीस जोड स्वच्छ निघाले. बेचाळिसावा शेवटच्या दिवशी तपासला. पांढरी भुकटी पांढरीच राहिली. मी, लुसियन आणि तो तपासनीस, आम्ही तिघं त्या जोडाकडे बघत बसलो. सुटकेचा निःश्वास टाकावा की वैतागावं हे मला कळेना.

संध्याकाळी मी तिच्या घरी गेलो. दारातच सांगितलं, "सगळे चांगले आहेत. एकातही काही नाही."

तिने दाराच्या चौकटीला हात टेकला. "बरं झालं," ती म्हणाली. "आधी नुसतं वाटत होतं. आता माहीत आहे."

जहाज तीन दिवस उशिरा निघालं. व्हर्नाची चौकशी झाली. ब्रॅग तिच्या बाजूने दोन तास बोलला, असं चौकशीला बसलेल्या युनियनच्या माणसाने सांगितलं. ब्रॅगने स्वतः त्याचा कधी उच्चार केला नाही. नोकरी राहिली, तपासनिशी गेली. कायमची. तिला टूल स्टोअरच्या खिडकीवर बसवलं. हातमोजे, ड्रिल आणि पाने मोजून द्यायचे, मोजून परत घ्यायचे.

"खरं बोलल्याचं बक्षीस बघा," रॉस्को व्हॅनमध्ये म्हणाला.

"खरं बोलले म्हणून नाही रे," व्हर्ना म्हणाली. "खोटा शिक्का मारला म्हणून. दोन वेगळ्या गोष्टी आहेत त्या. मी ब्रॅगच्या जागी असते तर हेच केलं असतं."

मे महिन्यात ऑफिसने दरवर्षीप्रमाणे फॉर्म वाटले. इथे काम करताना तुम्हाला काय वाटतं, नाव लिहू नका, मोकळेपणाने लिहा. त्या दिवशी लुसियन चालवत होता आणि रॉस्को मांडीवर फॉर्म घेऊन मोठ्याने वाचत होता.

"'इथे नोकरी करा असं तुम्ही कुणाला सुचवाल का?' लिहितो, शत्रूलासुद्धा नाही."

"आणि तुझ्या मुली?" लुसियनने विचारलं.

"त्या काय शत्रू आहेत का माझ्या?"

व्हर्नाने चष्मा लावून सगळे प्रश्न शांतपणे वाचले. एकाच चौकोनात काहीतरी लिहिलं, 'काय बदलावंसं वाटतं' या प्रश्नाखालच्या. मी डोकावलो. तिने लिहिलं होतं: 'तपासणीच्या टेबलावरून घड्याळ दिसत नाही. ते समोरच्या भिंतीवर लावावं.'

माझा फॉर्म बराच वेळ कोरा होता. शिव्या माझ्याकडेही पुष्कळ होत्या. त्या मी लिहिल्या. मग सुचवाल का, या प्रश्नाखाली लिहिलं: 'या लोकांनी बांधलेल्या जहाजात मी माझ्या मुलीला निर्धास्त झोपू देईन.' ते उत्तर प्रश्नाला धरून होतं की नाही, कोण जाणे.

जुलैमध्ये एका दुपारी मी टूल स्टोअरच्या रांगेत उभा होतो. पुढे सहा-सात जण होते, मागेही तितकेच. जेवणाची सुट्टी संपायला आली होती आणि उन्हाने पत्रा तापला होता. एवढ्यात पाइप विभागाचा नवा तपासनीस, एमरी कोल, हातात एक छोटा पाइप घेऊन सरळ खिडकीशी आला. एरवी कुणी अशी रांग मोडली असती तर काय झालं असतं ते सांगायला नको.

"व्हर्ना, हा जरा बघतेस का?" तो खालच्या आवाजात म्हणाला. "रेघ आहे की नुसता डाग, मला कळत नाहीये."

"सही तुझी आहे, एमरी. माझ्या बघण्याला आता अर्थ नाही."

"माहीत आहे. तरी बघ."

तिने खिडकीवरची वही मिटली आणि बाजूच्या दाराने बाहेर उजेडात आली. जोड उन्हाकडे धरला. मग थोडा फिरवला. पुन्हा धरला. घाई तिच्या हातात कुठेच नव्हती. एमरी टोपी हातात घेऊन शेजारी उभा होता. सुट्टी संपल्याचा भोंगा झाला.

रांगेतला एकही माणूस हलला नाही. माझ्यापुढे रॉस्को होता, तोसुद्धा काही बोलला नाही.