तिघांचा फोन

तपासणीला आलेल्या माणसाने विचारलं, "आजी, घरचं कोणी बघतं का तुमच्याकडे?" आता परक्या माणसासमोर पोटच्या पोराची अब्रू काढू का मी? म्हटलं, "मुलगा आहे ना! दर रविवारी येतो. हवं-नको सगळं बघतो." तोही खूश, मीही खूश. महिन्याभरात माझी सरकारी मदतनीस बंद. का, तर म्हणे घरचा आधार आहे.

ती मदतनीस म्हणजे बडबडी. नाव वेगळंच होतं, पण आल्यापासून जाईपर्यंत तोंडाला कुलूप म्हणून नाही. मला आंघोळ घालता घालता नवऱ्यापासून शेजारणीच्या मांजरापर्यंत सगळ्यांची उणीदुणी काढायची. मी डाफरायचे, "अगं बाई, कान किटले माझे!" आता कान मोकळे आहेत. इतके मोकळे, की फ्रिज घरघरायला लागला तरी बरं वाटतं. जन्मभर लोकांचे कपडे शिवले, आणि आता बोटं अशी वाकडी झालीत की स्वतःचं बटण लागत नाही. मधलं एक उघडंच ठेवते. बघायला येतंय कोण!

शेवटी अपील केलं. पूर्वी समितीसमोर जाऊन बसावं लागायचं, आणि तारीख मिळता मिळत नसे. आता सुधारणा झालीय. अधिकारी बाई फोन करतात, घरच्या माणसालाही त्याच फोनवर घेतात आणि तिथल्या तिथे निकाल देतात. सोय हो! पण माझा घरचा माणूस म्हणजे तो पोरगाच. दोन वर्षांपूर्वी आमचं कडाक्याचं वाजलं, तेव्हापासून पोरगा ना घरी आला, ना त्याने माझा फोन उचलला. तरी मी मनाशी पक्कं केलं, की खरं तेच सांगायचं. बडबडी परत हवी असेल तर लाज गुंडाळून ठेवायलाच हवी.

फोन आला. बाईंचा आवाज गोड होता. म्हणाल्या, "आजी, तुमचे चिरंजीव लाइनवर आहेत."

"हॅलो," तो म्हणाला.

मेल्याचा आवाज बसला होता. सर्दी झाली असणार, औषध घेत नसणार, मला माहीत नाही का!

"तुम्ही आईकडे जाता का?" बाईंनी त्याला विचारलं.

"हो... म्हणजे, जमेल तसं."

"आजी, तुमचं काय म्हणणं?"

आठवडाभर घोकलेलं अगदी ओठांवर होतं. पण तो ऐकत होता ना! तोंडून निघालं, "येतो हो, दर रविवारी येतो. फळं आणतो. जेवून जातो." सुटलेच मी, थांबता येईना. "मागच्या रविवारी तर पंखासुद्धा पुसून दिला."

"आजी, मग हे अपील कशासाठी?"



"खोटं बोलतेय ती," तो म्हणाला. "मी नाही जात. दोन वर्षं तोंड बघितलं नाही तिचं. तिला माणूस द्या, मॅडम."

"अरे, ऐक तरी..." मी म्हणेपर्यंत त्याने फोन ठेवलासुद्धा.

बाईंनी काहीतरी टाइप केल्याची टकटक ऐकू आली. मग म्हणाल्या, "आजी, निर्णय बदललाय. सोमवारपासून तुमची मदतनीस पुन्हा येईल. अभिनंदन."

"त्याला परत जोडून द्या ना जरा."

"आम्हाला पुन्हा लावता येत नाही, आजी. तसा नियम आहे."

"तुमचा नंबर बघून उचलेल हो तो. माझा उचलत नाही."

"काही निरोप होता का?"

निरोप कसला डोंबलाचा! जेवलास का, एवढंच विचारायचं होतं. ते काय सरकारी माणसाकरवी विचारायचं?

"राहू दे," मी म्हटलं. "पण तुम्ही तरी ठेवू नका इतक्यात."