पस्तीस दिवसांचा सांभाळ

मित्रांनो, मी एक जुना फ्रिज आहे. पण दूध-भाजीचा नव्हे. नांदेडच्या एका रक्तपेढीत सोळा वर्षं मी रक्ताच्या पिशव्या सांभाळतो आहे. त्या दोन ते सहा अंशांवर ठेवायच्या, एवढंच माझं काम. ते मी चोख केलं. तरीही एक गोष्ट मला खात राहते.

मला गच्च भरलेलं असणं फार आवडायचं. मुदखेडच्या दयानंदभाऊंचं मंडळ दर फेब्रुवारीत रक्तदान शिबिर घेतं. यंदा आमच्या तंत्रज्ञ उज्वलाताईंनी त्यांना आधीच विनवलं, "भाऊ, एकाच दिवशी सगळे नकोत. दर आठवड्याला दहा-दहा जण पाठवा की."

"मॅडम, दहा जणांसाठी मांडव कोण घालतंय? अन् दहाची बातमी पेपरवाले छापतेत का? आकडा शंभराच्या वर पाहिजे!"

आकडा एकशे बारा झाला. माझ्या काचेच्या दारापुढे मंडळाचे फोटो निघाले आणि मीही फुशारलो. उज्वलाताई मात्र हसल्या नाहीत.

या पिशव्यांतलं रक्त पस्तीस दिवसच टिकतं. काही पिशव्या रुग्णांना लागल्या. काही दुसऱ्या रक्तपेढ्यांना देऊ केल्या, तर त्याही शिबिरांनी भरलेल्या. मुदत संपली तेव्हा उज्वलाताईंनी सत्तावीस पिशव्या एकेक करून बाहेर काढल्या. प्रत्येकीवरची तारीख त्यांनी दोनदा वाचली. सत्तावीस माणसांनी विश्वासानं दिलेलं रक्त माझ्या पोटात वाया गेलं होतं.

मग मे आला. लग्नसराई, सुट्ट्या, कडक ऊन. रक्त द्यायला कोणी येईना. एका मंगळवारी तय्यबभाई आपल्या लेकीला, जेबाला, कडेवर घेऊन आले. सात वर्षांच्या जेबाला थॅलेसेमिया आहे. तिच्या शरीरात पुरेसं रक्त तयार होत नाही, म्हणून दर तीन आठवड्यांनी बाहेरून द्यावं लागतं. तिचा गट बी पॉझिटिव्ह. तो कप्पा रिकामा होता. वाया गेलेल्यांत त्याच गटाच्या नऊ पिशव्या होत्या.

"मॅडम, पोरीला दोन पायऱ्या चढनं होऊन न्हाई राहिलं," तय्यबभाई म्हणाले. "माझं घ्या म्हणलं असतं, पण मागच्याच महिन्यात दिलं."

उज्वलाताईंनी शिबिराच्या यादीतले नंबर फिरवले. कोणी लग्नात, कोणी पुण्यात. शेवटी दयानंदभाऊच धावत आले.

"माझा गट बी पॉझिटिव्हच हाय, मॅडम."

"मग घेते तुमचं. मागं कधी दिलं होतं?"

भाऊ फरशीकडे बघत म्हणाले, "एकदाबी न्हाई. सुईचं लई भ्या वाटतंय. शिबिरात म्या नुसती बिस्किटं वाटतो."

तय्यबभाईंच्या खांद्यावरून जेबा दमल्या आवाजात म्हणाली, "काका, मला तर दर टायमाला टोचतेत. तुम्ही तर एवढे मोठे!"

भाऊंनी बाही वर सरकवली आणि डोळे गच्च मिटून ते आडवे झाले.

तपासण्या होऊन ती पिशवी माझ्याकडे आली, तोवर दुसरा दिवस उजाडला होता. तेवढा वेळ जेबा धापा टाकत पडून राहिली. मी थंड हवा धरून नुसता उभा होतो.

जेबा आता बरी आहे. पण ते बरं असणं तीन आठवड्यांचं. दयानंदभाऊंना पुन्हा रक्त देता येईल ते तीन महिन्यांनी. मधल्या काळात ती चार वेळा येणार.

भाऊंनी आता मांडवाचा विचार सोडला आहे. ते मंडळातल्या एकेकाला गाठून वेगवेगळी तारीख देतात. बरेच जण हो म्हणतात आणि विसरतात.

मित्रांनो, तुम्ही अठरा वर्षांचे व्हाल तोवर मी भंगारात गेलेला असेन. पण घरातल्या मोठ्यांना आजच विचारा, रक्त द्यायची तुमची तारीख कोणती? त्यांना माझा निरोप द्या, मला एका दिवसात भरू नका, वर्षभर थोडे थोडे येत राहा. जेबाच्या पुढच्या तीन फेऱ्यांसाठी माणसं ठरली आहेत. चौथीला अजून कोणी नाही.