रॉकेलच्या टाकीचा तळ

मित्रांनो, मी एक जुनी रॉकेलची टाकी आहे. म्हैसूरच्या नजरबाद भागात एका पत्रेकाम करणाऱ्या कारागिराने मला घडवले. तिथून मी कृष्णराजनगरजवळच्या एका खेड्यात, धर्मार्थ दवाखान्यात आले. विजेचा भरवसा नव्हता, म्हणून तिथला लसींचा फ्रिज माझ्यातल्या रॉकेलच्या ज्योतीवर चाले. ज्योत जळते आणि बर्फ होतो, याचे गावाला मोठे नवल! नर्स गिरिजाबाई मला थोपटून म्हणत, "हीच आमची अन्नपूर्णा."

एका वर्षी पावसाळ्याआधी कंपाउंडर रणोजीरावांनी मला काठोकाठ भरले. दुकानदाराने सोबत एक बाटली दिली होती. हे औषध ताज्या रॉकेलातच घातले, तर रॉकेल पुष्कळ दिवस नासत नाही, असे त्याने बजावले होते. "रॉकेलाला औषध? बघू नंतर," म्हणत रणोजीरावांनी बाटली फळीवर ठेवली.

माझे झाकण सैल होते. दमट हवा आत शिरे आणि थेंब होऊन ओघळे. तळाशी पाणी साचले, त्यावर शेवाळासारखा बुळबुळीत थर धरला. मला ते सारे कळत होते. पण सांगू कुणाला? पावले वाजली की वाटे, आता कुणीतरी झाकण उघडेल. पावले पुढे निघून जात.

लसीकरणाच्या आदल्या दिवशी ज्योत पिवळी पडली, धूर ओकू लागली.

"अय्यो, रणोजीराव! फ्रिज गरम होतोय. उद्या पोरं येणार की हो!" गिरिजाबाई ओरडल्या.

रणोजीराव धावत आले. त्यांनी अख्खी बाटली माझ्यात रिकामी केली, वातही बदलली. धूर थांबेना.

"आता काय उपयोग?" गिरिजाबाई म्हणाल्या. "गोवर निघाल्यावर गोवराची लस टोचतो का आपण?"

रणोजीरावांची मान खाली गेली. "सरी अक्का, खरंय तुमचं. तुम्ही लसी घेऊन म्हैसूरच्या मोठ्या दवाखान्यात निघा, रात्री तिथल्या फ्रिजात ठेवा. टाकीचं मी बघतो."

बर्फाची पेटी छातीशी धरून गिरिजाबाई बसमध्ये चढल्या. रणोजीरावांनी मला उपडी केली, तळ खरवडला, उन्हात वाळवले, नवे झाकण बसवले. ताजे रॉकेल भरताच नव्या बाटलीतले औषध मोजून घातले. ज्योत पुन्हा निळी झाली. तरी माझा जीव थाऱ्यावर नव्हता. बस वाटेत बंद पडली तर? बर्फ वितळला तर?

सकाळच्या बसने बाई पेटी घेऊन परतल्या. "लसी वाचल्या सगळ्या!" एवढेच बोलून त्या मटकन पायरीवर बसल्या. थोड्याच वेळात सुईच्या भीतीने पोरांनी रडून दवाखाना डोक्यावर घेतला. इतके गोड रडणे मी पुन्हा कधी ऐकले नाही.

आता दवाखान्यात विजेचा फ्रिज आहे आणि मी परसात गंजत उभी आहे. मित्रांनो, तुमच्या घरी काही साठवून ठेवले असेल, तर आजच जाऊन त्याचे झाकण उघडा. वास चांगला येत असला, तरी तळापर्यंत बघा.