शिंप्याच्या शेअरची खुर्ची

खुर्चीला वय कोणी विचारत नाही, म्हणून मीच सांगते. मी जुनी आहे, मित्रांनो. फुटबॉलच्या मैदानावर पत्र्याच्या छपराखाली, तिसऱ्या रांगेत मला पक्कं ठोकलेलं आहे. माझी फळी घडीची आहे. माणूस बसला की ती खाली येते, उठला की स्प्रिंग तिला थाडकन वर घेते. तिला खाली ठेवायला वजन लागतं. एवढं नीट ध्यानात ठेवा.

माझा जन्म क्लबच्या अडचणीतून झाला. प्रेक्षकांसाठी छप्पर बांधायचं होतं आणि तिजोरीत खडखडाट होता. तेव्हा क्लबने शेअर विकायला काढले आणि जो शेअर घेईल त्याच्या नावाची एक खुर्ची, असं ठरवलं. सुताराने मला रंधा मारून गुळगुळीत केलं आणि पाठीवर पितळी पट्टी बसवली. पट्टीवर एका शिंप्याचं नाव कोरलं. तो संघाच्या जर्सी शिवायचा. मशीनचं पायडल मारून मारून त्याला डावीकडे कलून बसायची सवय लागली होती.

घरी बायकोने त्याला चांगलंच फैलावर घेतलं होतं म्हणे. शिलाईतून साठवलेले पैसे अकरा पोरांच्या लाथेखाली टाकून आलात, असं तिने सुनावलं होतं. हा मात्र शेजाऱ्यांना हसत हसत समजावायचा, की शेअर म्हणजे क्लबचा एक तुकडा आपला. नफा झाला तर आपल्याला लाभांश, तोटा झाला तर तोंड मिटून बसायचं.

आमच्या क्लबची लाभांश द्यायची रीत जगावेगळी आहे. हंगामाचा शेवटचा सामना संपला तरी भागधारक उठत नाहीत. खजिनदार पाकिटं घेऊन रांगेरांगेतून फिरतो आणि ज्याचं त्याच्या हातात देतो. पाकीट मिळाल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही. शिंप्याच्या वाट्याला दोऱ्याच्या चार रिळांपुरते पैसे यायचे, पण कोटाच्या आतल्या खिशात पाकीट ठेवताना स्वारीची छाती अशी फुगायची की विचारू नका! मजेचे दिवस होते ते. गोल झाला की तो उभा राहायचा, मी मिटायचे, तो पुन्हा मला दाबून बसायचा.

मग दोन हंगामांच्या मधल्या सुट्टीत शिंपी वारला.

नव्या हंगामाचा पहिला सामना सुरू झाला आणि माझी फळी खाली गेली. कोणी दिसत नव्हतं. वजन मात्र होतं, तेच, डावीकडे कललेलं. लोक म्हणाले, स्प्रिंग गेली. फिटरने स्प्रिंग बदलली, तेल घातलं, तरी सामना संपेपर्यंत मी खालीच. सगळ्या हंगामात हेच चाललं. शेवटी खजिनदाराने बिचकत एक पाकीट माझ्यावर ठेवलं आणि तो पुढे सरकला. वळून पाहतो तो पाकीट नव्हतं, आणि मी मिटलेली होते.

खजिनदाराने शिंप्याच्या घरी निरोप धाडला, की शेअर आता दुसऱ्या कोणाच्या नावावर करून घ्या. बायकोने साफ नकार दिला. पट्टीवरचं नाव गेलं की माणूस पुरता गेला, असं तिचं म्हणणं पडलं.

पुढे क्लबचे ग्रह फिरले. संघ खालच्या गटात घसरला, नफा आटला, लाभांश बंद झाला. बाकीचे भागधारक कुरकुरत उठून गेले. जिवंत माणसाला रीत मोडता येते. शिंप्याला ती मोडता येईना. मैदानावरचं गवत वाढलं, कापलं गेलं, पुन्हा वाढलं. फाटकाला कुलूप असलं तरी तो माझ्यावर बसून असायचा. मधूनच हातांवर भार देऊन उठू पाहायचा आणि तसाच खाली बसायचा. मला त्याची भीती नाही वाटली, मित्रांनो. कीव वाटली, फार कीव वाटली.

एका दुपारी शिंप्याची बायको आणि मुलगी खजिनदाराबरोबर आल्या. बायकोच्या हातावर नवऱ्याचा कोट होता. तो कोणाला तरी देऊन टाकावा म्हणून मुलीने कपाटातून काढला, तर आतल्या खिशात पाकीट. तो गेल्यानंतरच्या हंगामाचं. ते पाहून खजिनदार पांढराफटक पडला होता.

बाईने पट्टीवरून बोटं फिरवली. मग फळी उचलून पाहिली. ती हलेना. मुलीने जोर लावला, तरी हलेना.

"अहो, उठा की आता," बाई हळूच म्हणाली. "कोणाची वाट बघताय?"

फळी थरथरली. तो धडपडत होता आणि मीही होती नव्हती ती ताकद लावून त्याला वर ढकलत होते. काही उपयोग झाला नाही.

खजिनदार मान खाली घालून म्हणाला, "वहिनी, ज्याच्या नावावर शेअर, त्याने पाकीट घेतल्याशिवाय उठायचं नाही. आणि या क्लबला नफा आता कसला होतोय?"

बाईने पट्टीवरचं नाव पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाली, "म्हणजे मीच यांना बसवून ठेवलंय."

ती खूप रडली. मग तिने माझ्याच पाठीवर कागद टेकवला आणि शेअर स्वतःच्या नावावर करून घ्यायची सही केली. खजिनदाराने पट्टीचे स्क्रू काढले. मी सावकाश वर आले, जराही आवाज न करता. कामाला निघालेल्या नवऱ्यापुढे धरावा तसा बाईने कोट दोन्ही हातांनी धरला. त्याची एक बाही हलली. वारा अजिबात नव्हता.

आता नव्या पट्टीवर तिचं नाव आहे. फुटबॉलमधलं तिला ओ की ठो कळत नाही, समोरच्या संघाच्या गोललाही टाळ्या वाजवते. आपल्यामागे लगेच नाव बदलायचं, असं तिने मुलीला बजावून ठेवलं आहे.

मित्रांनो, मोठे झालात की शेअर जरूर घ्या, लाभांशही खुशाल घ्या. पण घरातलं माणूस गेलं की त्याच्या नावावर काय काय राहिलं आहे, ते वेळेवर बघा. आठवण काढायला पट्टी लागत नाही. माझ्या शेजारची खुर्ची कधीची खालीच आहे. तिच्या मालकाचा मुलगा परगावी असतो आणि कोणाच्याच निरोपाला उत्तर देत नाही. तुमच्यापैकी कोणी त्याला ओळखत असेल तर त्याला एवढंच सांगा, की तुझे वडील अजून बसलेले आहेत आणि इथे आता थंडी पडायला लागली आहे.