बंद दारापुढची रांगोळी

आमच्या गल्लीत कुणी कुलूप लावून गावाला गेलं, की त्याच्या दारात रांगोळी काढायचं काम माझं. कुणी दिलं नाय, मीच घेतलं.

औरंगाबादला पुंडलिकनगरात आम्ही राहायला आलो तवा इथं नुसते प्लॉट पाडलेले होते, मधी मधी ज्वारी उभी. शेजारी वच्छलाबाई. एका दिवाळीत कोपऱ्यावरचं घर फुटलं. चोर सापडल्यावर बोलला म्हणे, की सकाळी गल्लीतून नुसतं फिरत जायचं. ज्या दारात सडा नाय, रांगोळी नाय, ते घर रिकामं. तवापासून वच्छलानं आणि मी ठरवून टाकलं. ती बाहेरगावी गेली की तिचं दार मी सांभाळायचं, मी माहेरी पिशोरला गेले की माझं तिनं. मग सगळी गल्लीच आम्हाला सांगून जायला लागली. पुन्हा चोरी झाली नाय. चौकीतले म्हणतात त्यांच्या गस्तीमुळं. म्हणू द्या.

मग बिल्डर आला. वच्छलाचं घर आणि शेजारची दोन पाडून चार मजली बिल्डिंग उभी राहिली. वच्छलाला दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. खाली फाटक, फाटकावर वॉचमन, जिन्यात कॅमेरे. पहिल्याच दिवशी ती रडायला लागली, दाराबाहेर फरशी, सडा टाकू कुठं म्हणून. मी म्हणलं, टाकायला पाणी तरी कुठंय? लातूरला आगगाडीनं पाणी न्यावं लागलं, ते साल. आमच्या नळाला आठवड्यानं पाणी यायचं, भाजी धुतलेलं पाणी मी दारात शिंपडायला जपून ठेवायची. गावं रिकामी होत होती आणि औरंगाबाद फुगत होतं. फाटकावरचा कचरू आमच्या पिशोरकडचाच, विहीर आटल्यावर आलेला. मी त्याच्या गावची लेक, म्हणून मला आत्या म्हणतो.

त्या उन्हाळ्यात वच्छलाच्या धाकट्या लेकीचं बाळंतपण आलं. माहेरी आणावं तर पाणी नाय, म्हणून आईच पुण्याला निघाली. जाताना हात धरून म्हणाली, "द्वारके, दार तुझ्यावर."

मी रोज सकाळी रांगोळीची डबी घेऊन वर जायची. फरशीवर चार ठिपके, एक कमळ, बास. तिच्या समोरच्या फ्लॅटात मृण्मयी आणि हिमांशू, नवं जोडपं. हिमांशू बिल्डिंगचा सेक्रेटरी. त्यांच्या दारात प्लास्टिकची चिटकवायची रांगोळी. असली रांगोळी काय कामाची? घरात माणूस हाय का नाय, तिला कळतच नाय, बारा महिने तशीच हसत बसती. एकदा त्यांच्या दाराला चार दिवस कुलूप दिसलं. मला कुणी सांगितलं नव्हतं, पण दार ते दार. वच्छलाचं झालं की त्यांच्याही दारात एक कमळ काढून यायची.

पुढच्या सोमवारी फाटकावर कचरू आडवा आला. मान खाली. म्हणाला, आत्या, तुमाला वर सोडायचं नाय असं सांगितलंय. मी हसले, वाटलं चेष्टा करतोय. त्यानं केबिनच्या भिंतीकडं बोट केलं. तिथं माझा फोटो चिटकवला होता! कॅमेऱ्यातला. डोईवरचा पदर घसरलेला, साडी वर खोचलेली, बुड टेकवून बसलेली मी, आणि मान वळवून मागं बघतीया. जिन्यात कुत्रं आलं होतं, ते बघत होते. पण फोटोत कुत्रं नव्हतं.

झालं असं होतं, की मोबाईलवर एक मेसेज फिरत होता. चोरांच्या टोळ्या बायका पाठवतात आणि बंद घरांवर खुणा करून जातात. बिल्डिंगवाल्यांनी कॅमेरा बघितला. एक बाई रोज येती, फक्त कुलपाच्या दारापुढं बसती, खूण करून जाती. खरं सांगते, त्यांच्या जागी मी असते तर मीसुद्धा तेच म्हणले असते. पण त्या दिवशी हे सुचलं नाय.

हिमांशू खाली आला. पोरगं नम्र. आजी, तुमच्याबद्दल काही नाही, पण बिल्डिंगच्या सेफ्टीचा प्रश्न आहे, असं म्हणाला. कचरूनं तोंड उघडलं तर मी डोळे वटारून त्याला गप केलं. एका शब्दात सांगता आलं असतं मलाही. पण ज्या गल्लीत मी हयात काढली, तिथं मी चोर नाय हे कालच्या पोराला पटवून द्यायचं? मी म्हणलं, "बाळा, तुझ्या सेफ्टीचा प्रश्न तू जन्मायच्या आधीपासून मीच बघतीया." आणि डबी कमरेला खोचून घरी आले.

घरी रामकिसन, माझा लेक, भांडायला निघाला. त्याला बसवलं. पण चहा गोड लागेना. संध्याकाळी वच्छलाचा फोन. नातू झाला म्हणाली, आणि लगेच, दारात रांगोळी पडतीया ना? मी म्हणलं, पडतीया. आता म्हणल्यावर पाडायला तर पाहिजे.

मग सकाळी कचरूच्या हातात डबी दिली. तो म्हणाला, आत्या, मला नाय येत. मी म्हणलं, पेरणीची पाभर हाकलीस ना जन्मभर? तशाच रेघा ओढ, पण दार मोकळं ठेवू नको. बिचारा गेला. युनिफॉर्ममधी, टोपी बगलेत धरून, फरशीवर उकिडवा बसला आणि रेघा ओढायला लागला. तेवढ्यात समोरचं दार उघडलं. मृण्मयी.

नंतर कचरू सांगत होता, की आत्या, तिनं विचारलं आणि मी रांगोळी कशापायी ते सगळं सांगितलं, काय लपवलं नाय.

थोड्या वेळानं ती माझ्या ओट्यावर आली. हातात माझा फोटो, घडी करून आणलेला. ओट्याच्या कडेला टेकली. मग म्हणाली, "आजी, आम्ही परत आलो तेव्हा दारात ते कमळ होतं. मी इतकी घाबरले, की फिनाइलनं पुसून टाकलं."

मला राग यायला पाहिजे होता. पण पोरीचे डोळे बघितले. हिमांशू सकाळी वाळूजला कंपनीत जातो तो अंधार पडल्यावर येतो. ही दिवसभर एकटी. बेल वाजली तरी आधी कडी बघते म्हणाली. समोरच्या वच्छलाचं नावसुद्धा तिला ठाऊक नव्हतं. मला ज्वारीतले ते दिवस आठवले. वारा सुटला की ताटं सळसळायची आणि मी कडी लावून बसायची, वच्छला भिंतीवरून हाक मारायची तोवर.

मी म्हणलं, "भ्यायली होतीस तर हाक मारायची. चार पावलांवर तर राहते." आणि फोटो तिच्या हातातून घेतला. दुसरा काढायला लाव, म्हणलं, पदर नीट असलेला. भिंतीवर राहायचंच असंल तर चांगली दिसू दे.

ती हसली आणि रडली, दोन्ही एकदमच. दुसऱ्या दिवसापासून फाटक माझ्यासाठी उघडं झालं. हिमांशू पाया पडायला आला, मी पडू दिलं.

पुढं वैशाखात भाच्याचं लग्न निघालं, पिशोरला. घरचे सगळे जाणार, आणि वच्छला अजून पुण्यात. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझं दार बघणारं कुणी नव्हतं. मी कुणाला सांगितलं नाय. सांगायची सवयच नाय मला, लोक मला सांगतात. लग्नात सगळे जेवायला बसले आणि माझ्या डोळ्यापुढं आपलं दार, कोरडं, मोकळं.

परत आलो, रिक्षातून उतरले आणि थबकले. दारात रांगोळी! पाणी शिंपडून, ओल्या मातीवर काढलेली. ठिपके वाकडे, रेघा कुठं जाड, कुठं तुटक, आणि कमळ की वांगं ते देवालाच ठाऊक. कोपऱ्यात चपलेचा ठसा.

बिल्डिंगच्या गॅलरीतून मृण्मयी वाकून बघत होती. तिनं ओरडून विचारलं, "आजी, जमली का?"

मी म्हणलं, "अगं, अशी रांगोळी बघून चोर म्हणला असंल, या घरात नवी सून आलीया. म्हणजे सोनं असणारच!"

मग कुलूप उघडलं, आणि रांगोळीवर कुणाचा पाय पडू नये म्हणून सगळ्यांना बाजूनं आत घेतलं.