लाल दिसला की थांब

मी एक वही बोलतेय, जुन्या कॉम्प्युटरच्या दुकानातली. माझ्या पाठीला काळी चिकटपट्टी आहे आणि पानांना सोल्डरिंगच्या धुराचा वास.

मला आखलं ते दुकान चालवणाऱ्या दादाने. लोकांनी टाकून दिलेले कॉम्प्युटर दुरुस्त करून तो त्यांच्यावर लिनक्स घालून देई. लिनक्स म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी मूळ प्रणाली; फुकट, कुणालाही बदलता येणारी. पण एकच नाही. एका घरातल्या बहिणींसारख्या त्याच्या कितीतरी आवृत्त्या. तोंडवळा सारखा, कपाटातलं सामान वेगळं. एकीकडे मिळणारा प्रोग्राम दुसरीकडे मिळेलच असं नाही. दादाने तिघी निवडल्या, त्यांना थोरली, मधली, धाकटी म्हटलं आणि तीन रकाने पाडले. प्रोग्राम तयार मिळाला की हिरवा ठिपका, खटपट करून बाहेरून आणावा लागला तर पिवळा, नाहीच तर लाल. स्वतः चालवून पाहिल्याशिवाय तो ठिपका देत नसे.

त्याचा भाऊ शाळा अर्धवट सोडलेला, स्क्रू खोलण्यात पटाईत.

"तू ठिपके काढत बस. मी सगळ्यांना नव्यातलं नवं घालतो, विषय संपला."

"घाल, आणि गिऱ्हाइकाच्या शिव्याही तूच खा," दादा हसायचा.

चार दिवसांच्या तापात दादा गेला. दुकान उघडलं त्या दिवशी भावाने माझ्यावरचं अक्षर पाहिलं आणि मला भंगाराच्या खोक्यात भिरकावलं. मला राग नाही आला. चटका बसल्यासारखा त्याने हात झटकला होता.

मग दादाचं जुनं गिऱ्हाईक असलेल्या मावशी आल्या. त्यांना दिसत नाही. दूर राहणाऱ्या लेकीची पत्रं लॅपटॉप त्यांना वाचून दाखवी. तो आवाज दादानेच बसवलेला.

"हल्ली फार रेंगाळतो रे हा."

भावाने तासाभरात सगळ्यांत नवी, धाकटी घातली. लॅपटॉप पळू लागला, पण मुका झाला. पत्रं शाबूत होती, ऐकवणारं कोणी नव्हतं.

"बोलत का नाही?"

"नवा आहे ना मावशी, लाजत असेल."

मावशी हसल्या नाहीत. "तो आवाज परत येईल ना? घरात दुसरं कोण बोलतंय माझ्याशी?"

दोन दिवस तो झगडला. तिसऱ्या दिवशी त्याने खोकं पालथं केलं आणि मला उघडलं. 'वाचून दाखवणारा आवाज, आपल्या भाषेत.' थोरलीपुढे हिरवा, मधलीपुढे पिवळा, धाकटीपुढे लाल. खाली ठळक, सुट्या अक्षरांत: 'लाल दिसला की थांब. तुला वाचायचा कंटाळा, म्हणून रंग.'

शब्दाखाली बोट ठेवत त्याने ते वाचलं. मग खोक्याला टेकून बसला आणि दादा गेल्यापासून पहिल्यांदा रडला.

संध्याकाळी थोरली बसली. लेकीचं पत्र सुरू झालं तसा मावशींनी लॅपटॉपवर हात ठेवला. "आलास का बाबा," त्या म्हणाल्या.

आता नव्या ओळी भाऊ लिहितो. अक्षर वाकडं, ठिपके बटणाएवढे. माझं मागणं एवढंच, की मला आठवण म्हणून कपाटात ठेवू नका. काळ्या हातांनी उघडत राहा.

परवा धाकटीवरही तो आवाज मिळायला लागला. भावाने तो दोनदा चालवून पाहिला. मग मला पुढ्यात घेतलं. दादाचा लाल ठिपका त्याने खोडला नाही. शेजारी आपला हिरवा काढला.