उंच सुराआधीची खरखर

मित्रांनो, कपाटाच्या खालच्या कप्प्यात जुन्या मोज्यात गुंडाळलेला माइक म्हणजे मी. माझ्या जाळीला एक पोचा आहे. त्याचीच ही गोष्ट.

कारखान्यातून निघालो तो थेट एका रॉक बँडच्या मुख्य गायकाच्या हाती आलो. त्याची थोरली बहीण साउंडचं काम सांभाळायची. सगळे तिला ताईच म्हणत. आधी गॅरेजमध्ये सराव चाले. मग मोठी मैदानं आली, भिंतींवर पोस्टरं लागली, लोक त्याला 'वाघ' म्हणू लागले.

पण वाघाचा घसा बिघडलाय, हे सर्वांत आधी मला कळलं. मी त्याच्या ओठांना खेटून असे ना! उंच सुराआधी श्वासात बारीक खरखर येई. डॉक्टरांनी लिहून दिलं, 'तीन महिने गाणं बंद, नाहीतर आवाज कायमचा जाईल.' त्याने ती चिठ्ठी माझ्या डब्यात दडवली आणि युक्ती काढली. उंच सूर आला की मला प्रेक्षकांकडे वळवायचं. लोक तो सूर गात आणि खूश होत. त्यांना वाटे, किती जीव लावतो आपल्यावर!

एका दुपारी कार्यक्रमाआधी ताईला चिठ्ठी सापडली.

"हे काय रे?"

"औषधांची यादी."

"मला वाचता येतं, शहाण्या!"

"ताई, आजच्या दिवस. वरचा सूर लोकच गातात गं."

"तो सूर तू स्वतः घेतलास तर बघ!"

ती रंगमंचाच्या कडेला तिच्या यंत्रापाशी उभी राहिली. पहिलंच गाणं नवं कोरं होतं. उंच सूर आला आणि सवयीने त्याने मला लोकांकडे वळवलं. समोर शांतता. ते गाणं कुणाला येतच नव्हतं!

त्याने मला परत ओठांशी नेलं. छातीभर श्वास घेतला. मला खरखर ऐकू आली. मानेच्या शिरा ताठ झाल्या. तेवढ्यात ताई धावत आली आणि तिने मला हिसकावलं. झटापटीत मी खाली आपटलो. धाडकन आवाज झाला आणि मागोमाग शिट्या, हुर्यो.

तीन महिने तो ताईशी बोलला नाही. डॉक्टरांनी त्याचं बोलणंही बंद केलं होतं, त्यामुळे हा राग आहे की पथ्य, हे कुणालाच कळेना.

मग एका सकाळी त्याने मला हातात घेतलं. पोच्यावरून बोट फिरवलं.

"ताई... ऐकू येतंय?"

"येतंय. हळू बोल, वाघोबा."

मित्रांनो, ती खरखर ताईच्याही कितीतरी आधी मी ऐकली होती. पण माझ्याजवळ स्वतःचा आवाज नाही. तुमच्याजवळ आहे. जवळच्या माणसाचं काही बिघडलेलं ऐकू आलं, तर गप्प बसू नका.